मधला शब्द

पोट्टीच्या जिभेले त्या साली येड लागलं होतं. आता येड म्हणा नाही तं विद्या म्हणा. वच्छला, माह्या भावाची लेक, दुसरीत होती. उठली का शब्द, जेवली का शब्द, वावरात आणली तं कापूस कमी अन् शब्द जास्त. पौषातली वेचणी चालू होती. बोंडाच्या नख्या बोटांच्या पेरात घुसून राह्यल्या होत्या, कमरेची ओटी भरून जड झाली होती, अन् ही माह्या मागं मागं.

"आत्या, सुताराचा वाकस, तं तेल्याचं काय?"

"तेल्याचं डोकं. वेच लवकर."

"घाणा वं आत्या, घाणा! आता सांग, उन्हाचा वैरी कोण?"

"तुहा बाप. सावलीत बसून बिडी ओढून राह्यला पाह्य."

माही भावजय कौशल्या पुढच्या तासात वेचत होती, ते बी हासली. हे खूळ नजीर गुरुजीचं. वडनेर भोलजीचा माणूस, सायकलीवर आला अन् आमच्या शाळेत रुजू झाला. मोताळ्याच्या अलीकडं नळगंगेच्या काठावरचं आमचं गाव, इथं आधीचे गुरुजी पाढे म्हणून घेत अन् झोपत. ह्यानं पोरांले सांगतलं का शब्द कधी एकटा राहत नाही, माणसासारखी त्याले बी भावकी असते. पाणी अन् जल सख्खे भाऊ. ऊन अन् सावली वैरी. धुरी, आरा, धाव हे गाडीच्या घरचे. अन् एक गोलाचा खेळ होता. गुरुजी खडूनं गोल काढी, भोवताल शब्द लिही, मधली जागा रिकामी ठेवी. धार, मूठ, गवत, दात. मधी काय? पोरं बोंबलत, "इळा!"

खरं सांगते, मले आवडे ते. माह्या जन्मात मले कोणी शाळेची पायरी दाखवली नाही. एकदा पोट्टीनं विचारलं, "आत्या, तुह्या गालाचे सोयरे कोण?" मी म्हणलं, "चाळणी. अन् जात्याचा टाकी लावलेला दगड." ते इतकी हासली का ओटीतला कापूस सांडला.

लहानपणी मले माय येऊन गेली. आमच्याकडं तसंच म्हणतात. त्याले रोग म्हणाचं नाही, मोठ्यानं नाव घ्याचं नाही. घेतलं तं ते कोपते. मी वाचली, तोंड राह्यलं नाही. त्याच तोंडापायी नवऱ्यानं टाकली अन् मी भावाच्या दारात आली. भाऊ नारायण वाईट नाही, पण शब्दाले भेणारा माणूस. औत घेऊन निघाला अन् कोणी "कुठी चालला" म्हणून टोकलं तं बैल माघारी आणून बांधीन. वच्छलानं एकदा "दिवा विझला" म्हणलं तं थापड दिली. दिवा वाढवला म्हणाचं, बांगडी वाढवली म्हणाचं. गुरुजी म्हणे बोला, घर म्हणे बोलू नोको. मले भेव होतं ते पोट्टीच्या जिभेचं. हे जीभ एक दिवस नको तिथं जाईन अन् पोट्टीचं वाटोळं होईन, असं माह्या मनात सारखं येई.

घरात आणखी एक जीव होता, कडूबा. कौशल्याची आधीची लेकरं पाळण्यातच गेली. वच्छला तेवढी राह्यली. मग हा झाला तवा सुईणीनं सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, अन् मी जाऊन उचलून आणला. टाकलेलं लेकरू, कोणाचंच नाही, त्याच्यावर कोण डोळा ठेवीन? नावही तसंच, कडू. रीतीनं तो माहा झाला. तो बी लबाड, आईपाशी रडे अन् माह्या मांडीवर येऊन गप होई.

दिवाळीच्या मागं मोताळ्याहून टोचणारे आले होते. शाळेत पोरांले टोचलं, वच्छलाच्या दंडावर खूण उठली. मग ते घरोघरी फिराले लागले तशी कौशल्यानं कडूबाले माजघरात कापसाच्या गंजीत लपवला. वरून धोतराचं पान टाकलं. टोचणाऱ्याले सांगतलं, "लेकरू मामाच्या गावाले गेलं."

ते गेल्यावर मी भडकली. "माह्या तोंडाकडं पाह्य अन् टोच लेकराले. आरसा घरातच हाय तुमच्या."

नारायण म्हणे, "अक्का, उकिरड्यावरून आणलेलं पोर हाय. सुई लावून त्याची राखण मोडाची का?"

"राखण नाही बे, तुहं डोकं मोडलं हाय."

पण घर त्याचं. अन् खोटं बोललेलं खरं कराव म्हणून का काय, पौष सरल्यावर माघात कौशल्या त्याले घेऊन खरंच माहेरी गेली, भाच्याच्या लग्नाले. परत आली तवा पोर अंगावर निखाऱ्यासारखं तापत होतं.

चार दिवस गूळपाणी, ओवा, दृष्ट काढणं झालं. मग कपाळावर पुरळ आलं, मग हाताच्या तळव्यावर. मी पोराचा तळवा उघडून पाह्यला, नाकाशी नेला. तो वास मी चाळीस वर्षांत विसरली नव्हती. कौशल्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मले काही सांगाव लागलं नाही.

त्याच दिवशी घर बदललं. दाराले लिंबाचा डहाळा लागला. चुलीवर फोडणी बंद, वरण नुसतं हळद-मीठ घालून. केरसुणी भिंतीले उभी करून ठेवली. कोणी केस विंचरले नाहीत, पायात जोडा घातला नाही. आतल्या खोलीले लुगड्याचा पडदा, कोनाड्यात गार पाण्याची घागर, अन् कडूबा लिंबाच्या पाल्यावर निजलेला.

नारायणनं आम्हाले देवाम्होरं उभं केलं. मी, कौशल्या अन् वच्छला. लिंबाच्या पाल्यावर हात ठेवाले लावला.

"माय घरी आली हाय. मानानं आली, मानानं जाईन. गल्लीतले येतीन, पाया पडतीन, ते आपले हायेत. पण सरकारी माणसाले, परक्याले कोणी नाव सांगतलं, तं माय कोपीन. जो बोलीन, लेकराचं पाप त्याच्या डोक्यावर. म्हणा."

आम्ही म्हणलं. वच्छला बी म्हणे. म्हणता म्हणता तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् आठ वर्षांच्या पोट्टीचं तोंड मले म्हातारीचं दिसलं.

"इले घरीच ठेव ना," मी नारायणले म्हणलं.

"घरी ठेवली तं तो गुरुजी इचारत येईन. जाऊ दे शाळेत. तिनं शपथ घेतली हाय."

गल्लीतल्या बाया दर्शनाले आल्या. आमची हे रीतच हाय बापा, जिच्या घरी माय आली तिच्या घरी हळद-कुंकू घेऊन जाचं, लेकराच्या पायावर डोकं ठेवाचं. शेजारची पुष्पाबाई आपली तान्ही घेऊन आली. तिनं तान्हीचं कपाळ कडूबाच्या पायाले लावलं, फोडांले.

"अवं, दूर धर तिले!" मी ओरडली.

पुष्पाबाईचं तोंड उतरलं. कौशल्या म्हणे, "अक्का, आल्या बाईले असं बोलता? मायच्या घरात भेदभाव नाही."

मले आजबी वाटते, तिच्या हातातून ते तान्ही हिसकून घ्याले पाह्यजे होती. पण दोन बाया माह्यावर धावून आल्या असत्या अन् तान्ही तं पाया पडून चुकली होती.

मग दिवस गेले ते सांगाव कसे. वावरात कापूस फुटून लोंबला, वाऱ्यानं खाली पडला, बकऱ्या खाऊन गेल्या, कोणी वेचाले गेलं नाही. मी पोराजवळ बसे. माश्या हाकले. फोडं एकमेकांत मिळून गेले, डोळे चिकटले. तो "आत्या" म्हणाचा बंद झाला, नुसता हुंकार दे. मी कापडानं ओठ ओले करी. नारायण ओट्यावर बसून राही. बिडी ओढत नव्हता, जेवत नव्हता. लेकरावर जीव नव्हता असं कोणी म्हणू नये, मी पाह्यलं त्याले गोठ्यात बैलाच्या मानेले तोंड लावून रडताना.

अन् वच्छला गप. सुताराचा वाकस नाही, तेल्याचा घाणा नाही. एकदा चुलीपाशी माह्या कानात म्हणे, "आत्या, मायची भावकी मले समजली. सगळी समजली."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. लय जोरात दाबला.

घराजवळचा लिंब ओरबाडून सरला तशी मी शाळेच्या आवारातल्या लिंबाकडं गेली. सकाळची शाळा भरली होती. पोरं ओसरीवर बसली होती, गुरुजी भिंतीवरल्या फळ्यापाशी. मी आकडीनं डहाळ्या ओढत होती, तिथून सगळं ऐकू येत होतं.

गुरुजी म्हणे, "आज शब्द मी देणार नाही. तुमच्या घरातले आणा. भोवतालचे तुम्ही सांगा, मधला बाकीचे ओळखतील."

एक पोट्टी उभी राह्यली. "फणी, तेल, रिबिन, गुंता."

"येणी!" सारे बोंबलले.

"शाबास. वच्छला, तू लय दिवसाची गप आहेस बेटा. तू सांग."

माह्या हातातली आकडी थांबली. नोको सांगू वं, मी मनात म्हणलं. भाकरीचे सांग, गाईचे सांग.

वच्छला उभी राह्यली. डोक्याचा गुंता, अनवाणी पाय. खाली पाहून बोलली. "लिंब."

गुरुजीनं लिहिलं. "अजून?"

"बिनफोडणीचं वरण."

"अजून?"

"उभी केरसुणी. पडदा. गार पाण्याची घागर. न विंचरलेलं डोकं."

खडू फळ्यावर थांबला. गुरुजीनं सगळे लिहिले बी नव्हते. मधला गोल रिकामा होता. त्यानं पोरांकडं वळून पाह्यलं, इचारलं नाही. एरवी बोंबलणारी पोरं, एकानं तोंड उघडलं नाही. गावातल्या कोणत्या पोराले ते माहीत नव्हतं? वच्छलाच्या बाजूची पोट्टी हळूच सरकून बसली.

मग पुष्पाबाईचा दयाराम उठला. "गुरुजी, आमच्या बी घरी लिंब बांधला. आज सकाळी. तान्हीले ताप हाय."

मागं एक लहान पोरगं रडाले लागलं. "आमच्या बी."

गुरुजी पायऱ्या उतरून लिंबाखाली आला. माह्या कडेवर डहाळ्या होत्या, आता त्या कुठं लपवू?

"सुभद्राबाई, कोणासाठी हे?"

मी डहाळ्यांवर पदर ओढला.

"माझी बहीण गेली ह्याच्यात," तो हळू म्हणे. "आमच्या दाराले बी लिंबच बांधला होता. अम्मीनं कोणाले सांगू दिलं नाही, मग धाकटा बी गेला. मले समजते बाई, घरात काय शपथा घालतात ते. पण मोताळ्याले जाऊन मी काय सांगू? पोरं खेळता खेळता बोलली म्हणून? अशानं कोणी गाडी काढत नाही. मले पक्का शब्द पाह्यजे. मी पोरीले इचारू, का तुम्ही सांगता?"

ओसरीवर वच्छला उभीच होती. आमच्याकडं पाहून राह्यली होती, अन् तिचे ओठ हालत होते. आला होता शब्द तिच्या ओठावर. गुरुजीनं नुसतं हो म्हणलं असतं तं ते बोलली असती, अन् जन्मभर भावाचं पाप घेऊन फिरली असती. तिले कोणी सुपात घालून उकिरड्यावर ठेवणार नव्हतं अन् उचलूनही आणणार नव्हतं.

"थांब वं पोट्टी!" मी इतक्या जोरात ओरडली का लिंबावरले कावळे उडाले. मग सगळ्या पोरांले ऐकू जाईन अशी बोलली, "रोग हाय. देवीचा रोग. नारायणच्या घरी, कडूबाले. पुष्पाबाईच्या घरी बी तोच असंल. मी सांगून राह्यली गुरुजी, सुभद्रा सांगून राह्यली. माहं नाव सांगा."

हातातल्या डहाळ्या तिथंच पडल्या. गुरुजीनं फळा पुसला, पोरांले घरी धाडलं अन् सायकलीवर टांग टाकली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढाच्या आत जीप आली. नारायण दारात आडवा झाला. "आत मायचं ठाणं हाय, जोडे घालून जाऊ देणार नाही." डॉक्टरनं जोडे काढले. तो बी बिचारा शांत माणूस होता. तेवढ्यात आतून कौशल्याची किंकाळी आली, अन् मग डॉक्टरले आत जाची काही घाई राह्यली नाही.

कडूबाले नदीच्या काठी पुरलं. इकडं माणसं नदीवर, तिकडं गल्लीत टोचणं चालू. बाया पोरांले घेऊन कोठ्यात लपल्या, पण ह्या खेपेले गुरुजी संगं होता अन् त्याले कोणत्या घरात कोणतं पोर हे पाठ होतं.

नदीवरून नारायण ओल्या धोतरानं आला. अंगणात उभा राह्यला. गल्ली भरलेली होती.

"कोण बोललं?"



"मी इचारून राह्यलो, कोण बोललं? मायचं पाणी उतरत आलं होतं. खपल्या धरल्या होत्या. कोणाच्या जिभेनं खाल्लं माहं लेकरू?"

पुष्पाबाई भिंतीपाशी होती. तान्हीच्या कायजीनं तिचं बी डोकं ठिकाणावर नसंल. ते म्हणे, "शाळेत तुहीच पोट्टी सांगत होती म्हणे. दयारामनं ऐकलं."

नारायणनं दारामागची तुतारी उचलली. बैलाले टोचाची काठी ते, टोकाले आर लावलेली. वच्छला पळाली नाही. ते पुढं आली, अन् शाळेत उत्तर देतात तशी हात जोडून उभी राह्यली.

"मी गोल भरला, बाबा."

मी मधी गेली. तुतारीचा आर माह्या खांद्याले लागला, लुगडं फाटलं. "तिनं गोल भरला, मधला शब्द माहा हाय! इचार दयारामले, इचार साऱ्या शाळेले. तिनं शपथ पाळली. नाव मी घेतलं. लिंबाखाली उभं राहून, मोठ्यानं. रोग म्हणलं मी त्याले, अन् आताबी म्हणते, रोग! रोगानं नेलं तुहं लेकरू, जिभेनं नाही. गंजीत लपवलं तवाच नेलं."

 दयाराम आईच्या मागून म्हणे, "हो, आत्याच बोलली."

नारायणनं तुतारी खाली टाकली. मले वाटलं मारीन, पण तो खाली बसला.

"उकिरड्यावरून तूच आणला, अक्का," तो म्हणे, "अन् तूच नेला. जाय. आजपासून ह्या घरात तुहं नाव कोणी घेणार नाही."

मी निघाली. काय होतं घ्याले, एक लुगडं अन् एक पितळी. कौशल्यानं पडद्याआडून पाह्यलं नाही.

आता मी गल्लीच्या टोकाले गोजरबाईच्या गोठ्यात राहते. गोजरबाईचं कोणी नाही, तिले दळाले कांडाले माणूस पाह्यजे होतं. पुष्पाबाईची तान्ही वाचली, डोळा गेला. शाळेत रडलेल्या त्या पोराच्या घरचं लेकरू बी वाचलं. पुढं लिंब कोणाच्या दाराले लागला नाही. पण हे माह्यापाशी येऊन कोणी बोललं नाही. बोलतीन कसे, माहं नावच घेत नाहीत. विहिरीवर मी गेली का बाया घागरी बाजूले घेतात. "ते आली" म्हणतात, बस. त्या रोगाले जसं म्हणत तसंच.

वच्छला पुन्हा शाळेत जाते. तिलेही शपथ घातली हाय. लिंबावर हात ठेवून, देवाम्होरं. आत्या म्हणाचं नाही, बोलाचं नाही, उभं राहाचं नाही. जाताना नारायण ओट्यावरून तिच्यावर नजर ठेवतो, गोजरबाईचं दार ओलांडून जाईस्तोवर. ते पोट्टी इकडं पाहत नाही. दप्तर छातीशी धरून, खाली मान घालून, पाढे म्हणावे तशी पुटपुटत जाते. परवा मी जात्यावर बसली होती, जातं थांबवून कान दिला.

"चाळणी," ते म्हणत होती. "जात्याचा दगड. वेचणी. चुलीपाशी तोंडावर दाबलेला हात. फाटलेलं लुगडं."

मधला शब्द तिनं घेतला नाही. दाराम्होरं येऊन जराशी हळू झाली, अन् पुढं गेली. मी आतून "शाबास" म्हणलं, तिले ऐकू गेलं का नाही कोणाले ठाऊक. पण ओट्यावरून नारायण उठला होता, अन् पोट्टीकडं पाहत उभा होता.